पेन्सिल जाईल एवढी फट

घरात उंदीर शिरला की पहिली खबर कानाला लागते. थंडीच्या रात्री पंखे बंद असतात, खिडक्या घट्ट लावलेल्या असतात, बाहेरचं काही ऐकू येत नाही. दिवे मालवून तासभर झाला की ओट्याखालून खरखर सुरू होते. थांबते. पुन्हा सुरू होते. घरातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एकेक निरुपद्रवी कारण तयार असतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर असेल. थंडीने लाकूड आकसत असेल. वरच्या मजल्यावर कोणी काही सरकवत असेल. उंदराचं नाव पहिल्यांदा घ्यायला कोणीच तयार नसतं, कारण जो नाव घेईल त्यालाच पांघरुणातून उठून बघायला जावं लागतं.

सकाळी पुरावा सापडतो. चमच्यांच्या ट्रेमागे, कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, पिशव्या कोंबून ठेवलेल्या खणात काळ्या लेंड्या. तीन ते सहा मिलिमीटर लांब आणि टोकाला निमुळत्या असतील तर ते घरउंदराचं काम. त्याच्या तिप्पट मोठ्या असतील तर मामला मोठ्या उंदराचा, आणि त्याची तऱ्हा वेगळी. तिसरी शक्यता चिचुंद्रीची. लांब टोकदार नाक, भिंतीकडेने चिरचिर करत पळणं आणि मागे राहणारा उग्र दर्प. लोक तिलाही उंदरांत धरतात, पण ती कुरतडणाऱ्यांतली नाही. तिचं पोट झुरळ-किड्यांवर चालतं. तिला दार उघडून वाट दिली की आपलं काम संपलं.

एक उंदीर दिवसाला पन्नास ते पंचाहत्तर लेंड्या टाकतो. त्यामुळे मूठभर दिसल्या म्हणून घरात फौज उतरली असं समजून हातपाय गाळायचं कारण नाही. एकट्याचाही तो पराक्रम असू शकतो. पण एकटा तो फार दिवस राहत नाही. मादी दीड-दोन महिन्यांची झाली की वयात येते, गर्भारपण १९ ते २१ दिवसांत आटोपतं आणि एका खेपेला साधारण पाच ते आठ पिल्लं होतात. थंडीच्या सुरुवातीला ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडून दिलेल्या खरखरीचा हिशेब थंडी संपता संपता कुठे जातो, ते ज्याचं त्याने मांडून पाहावं.

थंडीतच का, याचं उत्तर त्याच्या अंगकाठीत आहे. घरउंदराचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाचं अंग त्याच्या वजनाच्या मानाने फार उघडं पडतं, त्यामुळे आतली ऊब भराभर निघून जाते. हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देत असतं आणि ते चालू ठेवायला दिवसाला तीन-चार ग्रॅम अन्न लागतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढं. काही प्राणी थंडीभर झोपून काढतात, ती सोय याला नाही. खायला नसेल तर तो काही तास अंग गार पाडून, निपचित पडून शक्ती वाचवतो, बस, तेवढंच. प्रयोगशाळेतल्या उंदरांना निवड करू दिली तर ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब पसंत करतात. आपल्याला सुखाची वाटणारी बावीस अंशांची खोलीसुद्धा त्याच्या लेखी गारठाच. म्हणून तो घरात शिरूनही थांबत नाही, घरातली सगळ्यात उबदार जागा शोधत राहतो: फ्रिजच्या मोटरजवळ, ओव्हनमागे, गरम पाण्याच्या पाइपलगत, रात्रंदिवस चालू असलेल्या वायफायच्या डब्याशेजारी.

हे वाचल्यापासून माझा राग थोडा उतरला हे खरं. मीही थंडीत रजई ओढून त्याच कारणासाठी बसलेली असते. पण राग उतरला म्हणून उंदीर उतरत नाही.

आपण त्याला घुसखोर म्हणतो. मात्र त्याची वहिवाट बरीच जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रदेशात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी शिकार आणि कंदमुळांवर जगणारी माणसं एका जागी जास्त काळ मुक्काम करू लागली. शेतीला अजून हजारो वर्षं अवकाश होता. त्या वस्त्यांच्या मातीत उंदरांच्या बारीक दाढा सापडल्या. संशोधकांनी त्यांचे आकार मापले, तेव्हा एक मजेशीर हेलकावा दिसला. माणसं जिथे टिकून राहिली त्या काळातल्या थरांत घरउंदराच्या दाढा जास्त. माणसं पुन्हा भटकी झाली की त्याचा रानातला भाऊबंद वर. म्हणजे उंदराला आधी गव्हाचं कोठार लागलं नाही. एका जागी राहणारी, उष्टं-खरकटं टाकणारी, निवारा उभा करणारी माणसं असली की त्याचं भागलं. मांजर त्यानंतर फार उशिरा आलं. माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सायप्रस बेटावरचा जुना पुरावा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा आहे. घर बांधलं, उंदीर आला, उंदराच्या मागे मांजर आलं, असा तो क्रम.

मांजराबद्दल इथेच एकदा सांगून टाकते, कारण उंदीर म्हटलं की दर तिसरा माणूस ‘मांजर पाळा’ म्हणतो. मांजर घरात असेल तर उपयोग होतो, पण तो मांजराच्या मर्जीने. पोटभर खाऊन उबेत लोळणाऱ्या मांजराने भिंतीच्या पोकळीतल्या उंदराची काळजी का करावी? टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मात्र मांजराची बाजू घेतो. त्याची बाधा झालेल्या उंदराची मांजराच्या वासाची भीती कमी होते, उंदीर मांजराच्या तोंडी जातो आणि परजीवी हवा तिथे, म्हणजे मांजराच्या आतड्यात, पोचतो. निसर्गातलं हे राजकारण बघितलं की घरातलं कमी वाटायला लागतं.

तर फटीबद्दल. घरउंदराला आत यायला साधारण सहा मिलिमीटरची जागा पुरते. साधी शिसपेन्सिल जिथे आत जाते तिथे लहान उंदीर जाऊ शकतो, असा ठोकताळा आहे. त्याची कवटी रबरासारखी चेपते वगैरे जे सांगतात ते खोटं. कवटी हाडाचीच असते, चेपत नाही. म्हणूनच तर डोकं हेच त्याचं माप. डोकं गेलं की बाकीचं लवचिक अंग मागोमाग ओढलं जातं. तो मिशांनी कडा चाचपून बघतो आणि डोकं जाईल असं वाटलं तर जातो. जागा थोडी कमी असेल तर दात आहेतच. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण आवरण असतं, मागची बाजू मऊ, त्यामुळे घासता घासता धार आपोआप लागत राहते. लाकूड, प्लास्टिक, रबर, वायरीवरचं आवरण, भुसभुशीत झालेला सिमेंट, यांतलं त्याला काही वर्ज्य नाही. वायरीचं आवरण गेलं की पुढचा धोका फक्त फ्रिज बंद पडण्याचा नसतो, आगीचाही असतो.

हातात पेन्सिल घेऊन स्वतःच्याच घरात रांगत फिरण्याचा प्रकार मी सगळ्यांना सुचवीन. नवऱ्याने मला ओट्याखाली अर्धी आत गेलेली बघून विचारलं, “काय हरवलंय?” हरवलं काहीच नव्हतं, सापडत मात्र बरंच होतं. सिंकखाली पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे भोक पाइपापेक्षा दुप्पट मोठं पाडलेलं होतं आणि वर एक प्लास्टिकची चकती लावून ते लपवलेलं होतं. चकती सरकवली तर आतून गार हवेचा झोत. वॉशिंग मशीनच्या पाण्याची नळी, एसीचा पाइप, इंटरनेटची केबल, एक्झॉस्ट फॅनची वाकलेली पाती, मागच्या दाराखालची फट, सगळीकडे पेन्सिल लीलया आतबाहेर. जे कारागीर येऊन गेले त्यांनी प्रत्येकाने आपल्या वस्तूसाठी भोक पाडलं, वस्तू बसवली, आणि उरलेली पोकळी कोणाच्याच कामात धरलेली नव्हती. आपल्याला घर भिंतींचं वाटतं. गुडघ्याखाली उतरून बघितलं की ते जोडांचं असतं, आणि अर्धे जोड उघडे.

मागच्या दाराच्या चौकटीत, अगदी खाली, रबराची पट्टी एका कोपऱ्यात खाल्लेली होती. टॉर्च आडवा धरून बघितलं. दोन-दोन बारीक समांतर खोबण्या, जवळजवळ, ओळीने. जणू कोणी सुईच्या टोकाने रेघा ओढल्या असाव्यात. कडेला बारीक भुसा. आणि चौकटीच्या लाकडावर एक तेलकट, काळपट डाग, बोटभर लांब. उंदीर रोज एकाच वाटेने जातो आणि अंग घासत जातो, त्याचा तो माग. तो डाग पुसला तर फडक्याला मळ लागला आणि एक कुबट वास आला. पट्टी बाहेरून बघितली असती तर काहीसुद्धा कळलं नसतं.

उंदराचं आपल्या घरातलं घर फार लहान असतं. घरट्यापासून तीन ते दहा मीटर, बहुतेक सगळे व्यवहार तेवढ्यात. खोलीच्या मधून तो सहसा जात नाही. एक बाजू कायम भिंतीला. नजर अधू, त्यामुळे मिशा आणि नाक हीच त्याची भिस्त. एकदा स्वयंपाकघरात अंधारात बसून मी त्याला येताना बघितलं. फ्रिजखालून आधी नाक आलं, मग थोडं थांबून बाकीचा. भिंतीकडेने दोन वीत पळाला, थबकला, मागच्या पायांवर उभा राहिला. मिशा इतक्या वेगाने थरथरत होत्या की चेहऱ्याभोवती धुरकट काही असल्यासारखं दिसत होतं. मी आदल्या दिवशी तिथे एक रिकामं खोकं ठेवलं होतं. तो सरळ खोक्याकडे गेला, चारही बाजूंनी हुंगलं, वर चढला, उतरला, आणि मग निघून गेला. मोठा उंदीर नव्या वस्तूला दिवसेंदिवस शिवत नाही, संशय घेतो. घरउंदराचं उलट. त्याला नवीन दिसलं की बघायचंच असतं. त्याची ही चौकसबुद्धीच पुढे त्याच्या जिवावर उठते.

घरटं सापडलं ते सगळ्यात खालच्या, वर्षभर न उघडलेल्या खणात. आम्ही तिथे घरातल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका ठेवतो, ज्या कोणी वाचत नाही. त्याने वाचल्या होत्या म्हणायचं. कागदाच्या बोटाएवढ्या पट्ट्या फाडून, आणखी बारीक करून, त्यांत टिशू पेपर, सुतळीचे धागे आणि माझ्या जुन्या मफलरची राखाडी लोकर कालवून वाटीएवढा गोळा केला होता. वर झाकण, बाजूला दार. एका कपट्यावर ‘वापरण्यापूर्वी’ एवढंच शिल्लक होतं. आत बोट घातलं तर लोकर सगळ्यात आतल्या थराला लावलेली, कागद बाहेर. हे कोणी शिकवलं नसतं. थंडीत ठेवलेल्या उंदराला नुसता कागदाचा चुरा दिला तरी तो असंच करतो. जितका गारठा जास्त तितकं घरटं खोल. शेजारी सूर्यफुलाच्या बियांचा छोटा साठा होता. बियांचा डबा आमच्याकडे वरच्या फळीवर असतो आणि त्याचं झाकण आम्ही नीट लावतो असं आम्ही आजवर समजत होतो.

घरट्यात पिल्लं नव्हती. असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही. नवजात पिल्लाच्या अंगावर लव नसते, डोळे मिटलेले असतात, स्वतःची ऊब स्वतःला राखता येत नाही. गारठली की ती आईला हाका मारतात, पण त्या हाका इतक्या वरच्या पट्टीतल्या असतात की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. नर उंदीरही मादीसाठी त्याच न ऐकू येणाऱ्या पट्टीत रीतसर गातो. आपल्या भिंतींत म्हणजे केवढा गोंगाट चालू असेल आणि आपल्यापर्यंत पोचते ती फक्त खरखर.

इथपर्यंत आलं की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे मुलगी पिंजऱ्याच्या बाजूची होती.

“आई, पिंजऱ्यात धरू आणि लांब सोडून येऊ.”

“लांब म्हणजे कुठे?”

“जिथे घरं नाहीत तिथे.”

“घरं नाहीत तिथे हा काय करेल?”

ती गप्प झाली, पण पटलं म्हणून नाही. ‘मग तू मारणार?’ हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट होता. माझं म्हणणं असं होतं, आणि अजूनही आहे, की ऐन थंडीत घरउंदराला अनोळखी मोकळ्या जागी सोडणं याला सुटका म्हणता येत नाही. त्याला तिथली बिळं माहीत नाहीत, अन्न कुठे ते माहीत नाही, घरटं नाही, आणि घुबडापासून मांजरापर्यंत सगळ्यांना तो हवा आहे. जवळ सोडला तर परत येतो, लांब सोडला तर बहुधा मरतो. फरक एवढाच की ते आपल्यासमोर होत नाही. शिवाय पिंजरा रात्री लावून सकाळी उशिरा बघितला तर आतल्या आत गारठ्याने आणि भीतीनेच तो अर्धमेला झालेला असतो. ज्यांना पिंजराच वापरायचा आहे त्यांनी निदान आत कापूस आणि खाणं ठेवावं, आणि दर काही तासांनी उठून बघावं. एवढी तयारी असेल तर ती दया. नाहीतर ती आपल्या मनाची समजूत.

चापाचा सापळा दिसायला निर्दय, पण माझ्या मते हातात असलेल्या उपायांत तोच सगळ्यात कमी क्रूर, नीट लावला तर. स्प्रिंगचा हा सापळा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या विल्यम हूकर यांच्या नावावर १८९४ मध्ये पेटंट झाला. तेव्हापासून उंदीर धरण्याच्या युक्त्यांसाठी एकट्या अमेरिकेत चार हजारांहून जास्त पेटंटं दिली गेली आहेत, आणि तरी दुकानात आजही प्रामुख्याने मिळते ती लाकडाची पट्टी, स्प्रिंग आणि दांडीच. ‘नीट लावणं’ म्हणजे काय, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा, आमिषाची बाजू भिंतीला टेकून, म्हणजे तो आपल्या रोजच्या वाटेने येता येता थेट त्यावर येतो. आमिष अगदी थोडं. पीनट बटरचा ठिपका, नखावर मावेल एवढा. जास्त लावलं तर तो कडेकडेने चाटून बिनबोभाट निघून जातो. चीजची कीर्ती चित्रांपुरती. थंडीत तर खाण्यापेक्षाही कापसाचा पुंजका किंवा दोऱ्याचा तुकडा घट्ट बांधून ठेवावा, कारण घरट्यासाठी त्याला तो हवाच असतो आणि ओढून नेताना चाप सुटतो. आणि एक सापळा लावून आठवडाभर वाट बघण्यापेक्षा पहिल्याच रात्री वाटेवर चार-सहा लावावेत. त्याचं कुतूहल पहिल्या रात्रींत सगळ्यात जास्त असतं. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर सापळा खोक्यात, उंदरापुरती दारं ठेवून.

सापळा उचलायचं काम कोणाचं, यावर आमच्याकडे बोलणी झाली नाहीत. ज्याने लावला त्याने उचलायचा, हे न बोलता ठरलं. मुलगी बघायला आली. तिने त्याचे कान बघितले, पातळ, आरपार उजेड दिसणारे, आणि म्हणाली, “एवढासाच होता.” मी हो म्हटलं.

चिकट पुठ्ठ्यांबद्दल मात्र माझ्या घरात चर्चाच नाही. ते स्वस्त, सहज मिळणारे आणि दिसायला निरुपद्रवी, म्हणून खपतात. उंदीर त्यावर अडकतो आणि मरत नाही. तासन्‌तास, कधी दिवसभर, स्वतःची कातडी ओरबाडत, ओरडत राहतो, आणि शेवटी भुकेने, दमून किंवा नाक चिकटून गुदमरून जातो. घरातले लोक तोवर दार लावून दुसऱ्या खोलीत. वेल्समध्ये २०२३ पासून या पुठ्ठ्यांवर बंदी आहे. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवानाधारक व्यावसायिकांखेरीज कोणी ते लावले तर गुन्हा ठरतो. कायदा असो वा नसो, ज्याला जिवंत चिकटलेल्या उंदराचं पुढे काय करायचं हे ठाऊक नाही, त्याने पुठ्ठा विकत घेऊ नये.

विषाची गोष्ट लांबलचक आहे आणि तिची सुरुवात गाईगुरांपासून होते. गेल्या शतकात उत्तर अमेरिकेत क्लोव्हर नावाचा चारा कुजलेला खाऊन गुरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं रसायन वेगळं काढलं आणि त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं. काही वर्षांतच तेच औषध रक्त पातळ ठेवण्यासाठी माणसांना दिलं जाऊ लागलं आणि आजही दिलं जातं. मात्रेचा फरक. ही विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात, म्हणूनच त्याला आमिषाचा संशय येत नाही. पण तो मरतो कुठे? भिंतीच्या पोकळीत, फॉल्स सीलिंगवर, ओव्हनमागे, जिथे आपला हात पोचत नाही अशा ठिकाणी. मग वास येतो आणि त्या वासाला तारीख नसते. आधीच मंदावलेला, विषाने भरलेला उंदीर बाहेर गेला तर तो घुबडाच्या किंवा शेजारच्या मांजराच्या पोटात जातो आणि विषही जातं. उंदीरही स्वस्थ बसलेले नाहीत. वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर पुष्कळ ठिकाणी आहेत, आणि युरोपातल्या काही घरउंदरांनी तर ती प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीच्या उंदरांशी झालेल्या संकरातून मिळवलेली आढळली.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड वेगळी. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. वॉरफरिनच्या कुळातल्या विषांवर के जीवनसत्त्वाचा उतारा चालतो, पण तो डॉक्टरने वेळेत द्यावा लागतो. म्हणून घरात विष ठेवलंच असेल तर त्याचं पाकीट फेकू नये. मुलाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठावा. आमच्या घरात आम्ही विष आणत नाही. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांनीही आणू नये, असं मी बिनदिक्कत सांगते.

प्लगमध्ये खोचायची, न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं? २००१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय आधार दाखवा, अशी ताकीद दिली होती. आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला लवकरच सरावतो. आणि उंदीर पळावेत म्हणून शिंपडायचं पेपरमिंटचं तेल? त्याने स्वयंपाकघराला छान वास येतो, एवढंच.

सगळेच्या सगळे उंदीर संपवून टाकू, हा विचार डोक्यात आला की मला गॉफ बेटाची आठवण येते. दक्षिण अटलांटिकमधलं हे एकाकी बेट. एकोणिसाव्या शतकात खलाशांच्या जहाजांतून तिथे घरउंदीर उतरले. तिथे त्यांना मांजर नाही, घुबड नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते अंगाने मोठे होत गेले आणि त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या, अल्बट्रॉस नावाच्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांना घरट्यातच जिवंतपणी कुरतडायला सुरुवात केली. उंदीर गोजिरवाणा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ते फोटो बघू नयेत. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरमधून बेटभर विषाच्या गोळ्या टाकल्या गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. जिथे कुंपण घालता येत नाही तिथे अशी गत. आपल्या घराला निदान भिंती आहेत.

म्हणून सापळ्यापेक्षा जास्त वेळ मी फटींवर घालवला. नुसता फोम मारून भागत नाही. उंदीर तो कुरतडून आरपार जातो. भोकात आधी स्टीलची लोकर (बारीक तारांचा, घासणीसारखा पुंजका) किंवा तांब्याची जाळी घट्ट दाबून बसवायची आणि वरून सीलंट किंवा सिमेंट. ओल लागणाऱ्या जागी स्टीलची लोकर गंजते, तिथे तांब्याची जाळी बरी. दाराखाली ब्रशची पट्टी, आणि कुरतडलेल्या कोपऱ्यावर पत्र्याची. सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी. घराबाहेर भिंतीला टेकलेला पालापाचोळा आणि अडगळ हलवायची, कारण उंदीर आधी तिथे वस्ती करतो आणि मग आत येतो. बाहेरच्या फटी बुजवताना आतले सापळे चालूच ठेवायचे, नाहीतर आतला आतच कोंडला जातो. धान्य-बिया, पाळीव प्राण्यांचं खाणं काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकचा डबा म्हणजे त्याच्या दृष्टीने जरा जाड पिशवी.

साफसफाईला लोक घाई करतात आणि तिथेच चुकतात. लेंड्या दिसल्या की पहिला हात झाडूकडे किंवा व्हॅक्यूमकडे जातो. कोरडं झाडलं की धूळ उडते, आणि उंदराच्या मूत्र-लेंड्यांमधलं जे काही असेल ते श्वासातून आत. घरउंदरापासून एलसीएम नावाचा विषाणू माणसाला लागू शकतो आणि गर्भवतीच्या बाळाला तो फार घातक ठरतो, पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणूही आहेच. अमेरिकेत ज्या हंता विषाणूने १९९३ मध्ये घबराट उडवली तो वेगळ्या जातीच्या उंदराचा, पण तेव्हापासून सांगितली जाणारी पद्धत कुठल्याही उंदराला लागू पडते. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा आणि जागा पुन्हा पुसा. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. मी माहितीपुस्तिकांचा तो सगळा खण असाच भिजवून टाकून दिला. फ्रिजची पुस्तिका गेली याचं दुःख नाही. मफलरचं थोडं आहे.

आता ओट्याखाली, फ्रिजमागे आणि मागच्या दाराशी रात्री झोपताना पिठाचा पातळ थर भुरभुरते. सकाळी त्यावर पावलं उमटली आहेत का बघायचं: पुढची चार बोटांची, मागची पाचांची, आणि मधोमध कधीकधी शेपटीची रेघ. मागच्या दाराशी थर काही दिवस जसाच्या तसा आहे. फ्रिजमागे काल पुन्हा पावलं होती, भिंतीकडून मोटरकडे जाणारी, परतीची नाहीत. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक शिडीशिवाय हाताला येत नाही म्हणून राहिलं होतं. नवऱ्याला शिडी आणायला सांगितली आहे. तोवर दोन सापळे तिथेच ठेवले आहेत, आणि आमिषाला या वेळी मफलरचा उरलेला धागा बांधलाय.